आबांची खोली कुठे बांधायची? अमळनेर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

म्हाताऱ्या आईवडिलांसाठी घरालगत वेगळी खोली काढायची ठरलं की पहिला विषय निघतो खर्चाचा आणि दुसरा परवानगीचा. खोली कुठे काढायची याची चर्चाच होत नाही, कारण जागा जणू ठरलेलीच असते: जिथे मोकळी आहे तिथे. माझ्या मते सगळ्यात आधी जागाच ठरवावी. आणि ती ठरवताना जमीन कोणाची, शेजाऱ्याचं काय अडतं आणि रात्री उठणारं माणूस कुठे झोपतं, हे तिन्ही प्रश्न एकाच बैठकीत घ्यावेत. ते वेगवेगळे सोडवले तर पुढे एकमेकांना छेद देतात. खाली एका कुटुंबाचं प्रकरण सविस्तर मांडतो.

मी अमळनेर परिसरात घरांचे नकाशे काढतो आणि बांधकामावर देखरेख करतो. बोरी नदीच्या काठच्या या गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. घरात ज्या नात्याने हाक मारतात, त्याच नात्याने इथे लिहितो.

आबा ७६ वर्षांचे. भादव्यात शेतातून येऊन ओट्यावर बसले आणि उठताच आलं नाही. उजव्या अंगाला लकवा. धुळ्याला उपचार होऊन घरी आले तेव्हा समज पूर्ण शाबूत होती, पण उजवा हात आणि पाय साथ देत नव्हते आणि बोलणं तुटक झालं होतं. हवा तो शब्द ओठावर येत नाही म्हणून त्यांचा जीव तळमळायचा. त्यांची बायको जिजी सत्तरीच्या, गुडघे गेलेले. थोरला मुलगा शेती बघतो. तो, सून आणि दोन शिकणारी मुलं याच घरात राहतात. धाकटा सुरतेला, बायकामुलांसह. लेक पारोळ्याला दिलेली.

घर गावठाणात, जुनं धाब्याचं. १८ फूट रुंद, ४० फूट लांब. उत्तरेला गल्ली, पुढे ओटा, मग बैठक, मधलं घर आणि मागे स्वयंपाकघर. भिंती मातीच्या, दोन फूट जाड. जोतं २० इंच उंच, दारं अडीच फुटी, उंबरठे चांगले पाच इंचाचे. संडास मागच्या टोकाला, परसातून जावं लागे. आबांची खाट बैठकीत टाकली होती. तिथेच नातवंडांचा अभ्यास, तिथेच आलागेला. आबांचे कपडे बदलायचे म्हटले की सगळ्यांनी उठून बाहेर जायचं, आणि तेवढा वेळ आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. वेगळी खोली हवी हा विचार घरात आला तो यातून. घरातली अडचण दूर करण्यासाठी ती खोली नव्हती. ती आबांच्या मानासाठी होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण याच घराबद्दल गल्लीत «बापाला वेगळं काढताय» असंही बोललं गेलं.

जागा तीन होत्या. गावाबाहेर दीड किलोमीटरवरचा मळा, गल्लीच्या टोकापलीकडचं खळं आणि घराच्या पूर्वेला लागून असलेला १७ फूट रुंदीचा मोकळा पट्टा.

मळा धाकट्याच्या मनात होता. हवा चांगली, विहिरीचं पाणी, शांतता. शेतात घर बांधताच येत नाही, असं थोरल्याचं ठाम मत होतं. ते बरोबर नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरच्या इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात अवजारं, चारा, धान्य आणि गुरं यांच्या जोडीला खातेदाराच्या कुटुंबीयांचं राहणंही येतं. म्हणजे कायद्याने ती वाट बंद नव्हती. आकाराच्या आणि जागेच्या अटी आहेत, त्या पाळाव्या लागल्या असत्या, एवढंच. पण काळ्या मातीचा शेतरस्ता आषाढात बैलगाडीलाही दाद देत नाही, तिथे १०८ ची गाडी कुठून यायची? सून सकाळी डबे करणार, गुरं बघणार आणि दिवसातून किती वेळा मळ्यात चकरा मारणार? मळ्याचा विषय तिनेच एका वाक्यात मिटवला: «आबांना तिथे ठेवायचं तर मग मलाही तिथेच ठेवा.»

खळ्याचा विचार जास्त रेंगाळला. तिथे पाया भरलेली, पत्रे टाकलेली एक खोली आधीच होती, म्हणून खर्च निम्म्यावर आला असता. खळं गावठाणाच्या हद्दीबाहेर, गट नंबरात. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला संहितेच्या कलम ४२-ड ने तेव्हा सवलत दिली होती: प्रादेशिक योजनेत ती विकासयोग्य पट्ट्यात असेल, तर रूपांतर कर वगैरे भरून ती अकृषिक झाल्याचं मानलं जायचं. म्हणजे कागद तिथेही जमवता आला असता. मी नको म्हटलं ते वेगळ्याच कारणांनी. त्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला असतो. भाव वाढेल या आशेने तो कधी कधी होळीपर्यंत पडून राहतो. साठवलेल्या कापसाच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या अंगाला किती खाज सुटते, हे खान्देशातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात विचारा. धडधाकट माणूस खाजवून मोकळा होतो. ज्याचा एक हात चालत नाही आणि जो सारखा पाठीवर झोपून असतो, त्याच्या कातडीला तेवढं निमित्त पुरतं. शेजारी कडब्याची गंजी आणि गोठा. आग, माश्या, मच्छर. वर पत्रे. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. धाकट्याने सुरतेहून तयार लोखंडी केबिन आणून खळ्यात ठेवायचंही सुचवलं. त्याची कळकळ खरी होती, पण या उन्हात पातळ पत्र्याची पेटी म्हणजे आजारी माणसाला शिक्षा. ते मी त्याला स्पष्ट सांगितलं.

तरी केबिनच्या कल्पनेमागचा एक विचार मोलाचा होता, आणि तो पुढे या सगळ्या प्रकरणाचा गाभा ठरला. काम झालं की उचलून नेता येईल, असं धाकटा म्हणत होता. अमेरिकेत काही राज्यांनी नेमक्या याच गोष्टीचा कायदा केला आहे. व्हर्जिनियाने २०१० मध्ये आणि मिनेसोटाने २०१६ मध्ये आजारी नातलगासाठी राहत्या घराच्या आवारात तात्पुरतं लहान घर ठेवायला परवानगी दिली. मिनेसोटात ते ३०० चौरस फुटांपेक्षा मोठं नको, कायमच्या पायावर नको, परवाना सहा महिन्यांचा आणि तो आणखी सहा महिने वाढवता येतो. ज्या शहराला ही सोय नको, त्याने तसा स्थानिक कायदा करून बाहेर पडावं. व्हर्जिनियात डॉक्टरचा दाखला लागतो, आणि गरज संपली की ते घर हलवावं लागतं. आपल्या नियमांत अशी वेगळी वर्गवारी नाही. आपल्याकडे आजारी माणसाची खोली ही कागदावर साधं वाढीव बांधकाम असते. त्यामुळे परवानगी सोपी होते, पण एक प्रश्न कुटुंबाच्या माथी राहतो: आबा-जिजींनंतर ही खोली कोणाची? मिनेसोटाचा कायदा त्याचं उत्तर मुदत घालून देतो. इथे ते भावाबहिणींना स्वतः लिहून ठेवावं लागतं. धाकट्याला केबिन हवी होती ती याच भीतीपोटी. त्याला वाटत होतं, सिमेंटची खोली झाली की ती थोरल्याकडेच राहणार. हे तो बोलला मात्र तिसऱ्या बैठकीत, आणि तेही लेकीने, म्हणजे त्याच्या बहिणीने, त्याला थेट विचारल्यावर.

म्हणून पूर्वेचा पट्टा नक्की झाल्यावरही मी आखणीला हात लावला नाही. आधी कागद मागितले. घरात होता तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आबांच्या नावाचा. पुष्कळ घरांत हाच उतारा मालकीचा पुरावा समजून पेटीत जपलेला असतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही. सुदैवाने या गावची ड्रोन मोजणी झाली होती. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळतात, तशी यांना मिळाली होती. तिच्यावरही नाव एकट्या आबांचं. पण घर आबांच्या वडिलांनी बांधलेलं, वडिलोपार्जित. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. म्हणजे सही दोघा भावांची पुरत नाही, पारोळ्याच्या ताईचीही हवी. «तिचं काय, ती थोडीच हिस्सा मागणार,» असं थोरला म्हणाला. दादा, ती मागणार नसेल तर सही द्यायला तिला अवघड जाणार नाही, आणि मागणार असेल तर ते आताच कळलेलं बरं, असं मी सांगितलं. ताई पुढच्याच रविवारी आली.

तिघांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर जे लिहिलं, त्याचा आशय थोडक्यात असा. खोली आबा आणि जिजी यांच्या राहण्यासाठी आहे. दोघांपैकी एक मागे राहिलं तरी शेवटपर्यंत तिथे राहण्याचा त्यांचा हक्क आहे. खर्च दोघे भाऊ अर्धा-अर्धा देणार, आणि कोणी किती दिला याची वही थोरली सून ठेवणार. खोली बांधल्याने कोणाचा हिस्सा वाढत नाही की घटत नाही. पुढे वाटणी झालीच तर खोली मूळ घराचा भाग धरून होईल. त्यांनी वकिलाकडून हा कागद तपासून घेतला, कारण हिस्से बदलणारा मजकूर त्यात शिरला असता, तर नोंदणी न केलेला कागद कुचकामी ठरला असता. इथे हिस्से जसेच्या तसे होते, फक्त संमती आणि हिशेब लिहिला होता. सही झाल्यावर केबिनचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता शेजार. पट्ट्याच्या पूर्वेला आबांच्या चुलतभावाचं घर. मुलं त्यांना काका म्हणतात. काकांच्या भिंतीला पट्ट्याकडे उघडणारी एक खिडकी, आणि त्यांच्या धाब्याचं पावसाचं पाणी दोन पन्हाळींतून याच पट्ट्यात पडतं. ही व्यवस्था आबांच्या तरुणपणापासूनची. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ सांगतो की सलग वीस वर्षं विनाअडथळा मिळालेला उजेड आणि वारा हा हक्क होऊ शकतो. गावठाणात भिंतीला भिंत लावून बांधायची रीत जुनी आहे, त्यामुळे खिडकी बुजवून टाकण्याचा सल्ला देणारेही गावात भेटले. तसा नकाशा मी काढणार नव्हतोच. कोर्टात काय होईल हा पुढचा भाग. मध्यरात्री आबांना उचलून गाडीत घालायची वेळ आली, तर पहिला माणूस धावून येणार तो काकांच्याच घरातून.

आम्ही काकांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि नकाशा त्यांच्यासमोरच पेन्सिलीने काढला. नव्या बांधकामाची बाहेरची रुंदी १२ फूट, म्हणजे काकांच्या भिंतीपर्यंत पावणेपाच फुटांहून थोडी जास्त जागा उघडी. खिडकी जशीच्या तशी. पन्हाळीखालून सिमेंटची नाली, उतार गल्लीच्या गटारीकडे. काकांनी एकच गोष्ट मागितली: नालीवर फरशा टाकू नका, झाकली की ती साफ होत नाही. ते बरोबर होतं, तसंच केलं. हद्दीचाही मुद्दा निघाला. पत्रिकेवरची रुंदी आणि प्रत्यक्ष टेपने भरणारी रुंदी यांत थोडा फरक येत होता. नव्या भिंतीपासून हद्द इतकी लांब ठेवल्यामुळे त्या फरकाने काहीच अडलं नाही. भिंत हद्दीवर टेकवायची असती, तर भूमी अभिलेखाची मोजणी आल्याशिवाय मी पहिला खड्डाही घेऊ दिला नसता.

आणि हीच उघडी जागा खरी कामाला आली. जुन्या घराच्या मधल्या घरातून नव्या खोलीत थेट दार हवं, हे पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात होतं, कारण थोरला आणि सून मधल्या घरात झोपतात. मग दोन्हीकडची जमीन एका पातळीत हवी. म्हणजे नव्या खोलीचं जोतंही २० इंच. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १ ला १२ धरतात: एक इंच चढायला बारा इंच लांबी. २० इंचांना २० फूट लांबीचा उतार लागतो. गावात तीन-चार फुटांत उतरणारे रॅम्प मी खूप पाहतो. ते मोटारसायकल चढवायला ठीक आहेत. खुर्चीत माणूस बसवून तिथून उतरवणं धोक्याचं असतं, आणि जिजींसारख्या बाईच्या हातून ते कधीच होणार नाही. काकांच्या बाजूच्या उघड्या पट्टीत चार फूट रुंदीचा, वीस फूट लांबीचा उतार बरोबर बसला. वर सपाट टप्पा, त्याला लागून खोलीचं पूर्वेचं दार. उताराच्या बाहेरच्या कडेला नाली. उतार जमिनीलगत, म्हणून काकांच्या खिडकीचा उजेड अडत नाही. शेजाऱ्यासाठी सोडलेली जागा आबांचीच वाट झाली.

नियमांच्या बाजूने काम सरळ होतं. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ग्रामीण भागात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीचा कागद, नकाशा, तो नियमाप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि विकास शुल्क ग्रामपंचायतीत जमा केलं की काम सुरू करता येतं. त्यापुढे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ग्रामपंचायतीकडून बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. यांची सगळी मिळकत ३५ फूट बाय ४० फूट, १४०० चौरस फूट. पहिल्या गटात बसली. सोपं आहे म्हणून कागद द्यायचाच नाही, असं मात्र करू नये. पोच घेतलेली प्रत हाच पुढे आधार असतो.

गल्ली १२ फुटी. दाट वस्तीत साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्ली असेल, तर गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर सोडून बांधायचं असतं. म्हणजे इथे आपल्या हद्दीत जेमतेम दीड फूट मागे सरकलं तरी चाललं असतं. आम्ही चौदा फूट मागे गेलो. कारण गल्लीच्या कडेने विजेची लाईन जाते. लघुदाबाच्या तारांपासून बांधकाम आडव्या अंतरात किमान १.२ मीटर आणि उभ्या अंतरात २.५ मीटर दूर हवं. आणि दुसरं, पुढे कडुनिंब आहे. त्याची सावली सोडून खोली पुढे आणण्यात शहाणपण नव्हतं. जिजींची अट वेगळी होती. «त्यासले गल्ली दिसाले पायजे,» एवढंच त्या म्हणाल्या. खिडकी उत्तरेला, खाली दोन फुटांवर चौकट, म्हणजे उशीवरूनही गल्ली दिसते. आबा आता येणाऱ्याजाणाऱ्याला डावा हात वर करतात. बोलता येत नाही त्या माणसाला ही खिडकी किती देते, ते मी पाहिलं आहे.

खोली आतून साडेदहा फूट बाय तेरा फूट. राहण्याच्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर लागतात, ही साडेबारापर्यंत जाते. त्याहून लहान नको, कारण खाटेच्या एका बाजूला खुर्ची पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. बाजू कोणती, हे महत्त्वाचं. आबांचं डावं अंग चालतं. उठून बसायचं, खुर्चीत सरकायचं ते डावीकडे. म्हणून खाटेची उजवी कड भिंतीला आणि डावीकडे मोकळी जागा. संडासातला धरायचा दांडाही डाव्या हाताला. गवंडी सवयीने तो उजवीकडे ठोकत होता. आबांना खुर्चीतून आणून कच्च्या बांधकामातच बसवून बघितलं आणि खडूने खूण केली. भांडं खुर्चीच्या उंचीचं, सुमारे १८ इंच. संडास-न्हाणीचं दार बाहेर उघडणारं, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं. सगळी दारं तीन फुटांच्या वर, उंबरठा कुठेच नाही. जिजींना बिनउंबरठ्याचं दार पटेना. त्यांच्यासाठी चौकटीसमोर रांगोळीपुरती एक पट्टी वेगळ्या रंगाच्या फरशीची, जमिनीच्या पातळीत बसवली.

जुन्या घराशी सांधा हा सगळ्यात नाजूक भाग. मातीच्या भिंतीलगत खोल खणलं तर ती भिंत बसते, हे इथल्या गवंड्यांना सांगावं लागत नाही, पण घाईत विसरलं जातं. वरची चार फूट गावठाणाची भर, खाली काळी, मुरूम सात फुटांवर. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया ठेवला की नवं आणि जुनं बांधकाम वेगवेगळं हलतं. म्हणून कॉलम जुन्या भिंतीपासून तीन फूट दूर, मुरमापर्यंत नेलेले, आणि बीम तिथून भिंतीकडे बाहेर काढलेले. दोन्ही बांधकामांत दोन इंचांची फट, वरून पत्र्याची पट्टी, दाराशी खाली सपाट धातूची पट्टी. मातीच्या भिंतीत दार पाडताना आधी वरचा भार टेकूवर घेतला, मग सिमेंटची चौकट ओतली आणि नंतरच माती काढली. या एका दाराला बाकीच्या खोलीपेक्षा जास्त काळजी लागली. ते नसतं तर रात्री सुनेला ओट्यावरून उतरून, पट्ट्यातून फिरून आबांकडे जावं लागलं असतं. पावसाळ्यात, अंधारात, रोज. पश्चिमेला ही दोन फुटांची मातीची भिंत आल्यामुळे दुपारचं ऊनही खोलीवर येत नाही.

सांडपाण्याचं थोडक्यात सांगतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब असावा, असं भारतीय मानक सांगतं. काकांची बोअर पट्ट्यापासून फार जवळ. म्हणून पट्ट्यात खड्डा नाही. नळी मागे नेऊन परसाबाहेरच्या, बोअरपासून लांब पडणाऱ्या जागेत नवा खड्डा घेतला. त्यासाठी जास्तीची नळी लागली, पण पाणी काकांच्याही घरचं आहे.

आबांच्या डाव्या हाताशी घंटीची दोरी आहे, ती मधल्या घरात वाजते. वीज गेली तरी चालावी म्हणून घंटी सेलवर. पहिल्या आठवड्यात ती इतकी वाजली की सून थकून गेली. मग लक्षात आलं, आबा बोलावत नव्हते, ती वाजते का हे तपासत होते. भरवसा बसल्यावर थांबलं.

ग्रामपंचायतीत वाढीव बांधकामाची नोंद आबांच्याच नावे करून घेतली. एक काम राहिलं आहे. जिजींचा राहण्याचा हक्क भावंडांच्या कागदात आला आहे, तो आबांच्या मृत्युपत्रातही यावा असं तिघांचं मत आहे. वडिलोपार्जित मिळकतीतल्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं आबा मृत्युपत्र करू शकतात. उजव्या हाताने सही होत नाही. डाव्या हाताचा अंगठा चालतो. मजकूर वाचून दाखवून तो त्यांना समजल्याची खात्री करायची, समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत लावायचा, दोन साक्षीदार घ्यायचे. आजारपणामुळे कार्यालयात जाता येत नसेल, तर नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतात, ती तरतूद नोंदणी कायद्यात आहे. साक्षीदारांपैकी एक काका असावेत, असं आबांनी डाव्या हाताने पूर्वेच्या भिंतीकडे बोट करून सांगितलं. धाकटा सुट्टी काढून सुरतेहून आला की तारीख घ्यायची आहे.